न मोडणारा माणूस

दर दिवाळीला या सदरात एखाद्या जुन्या पुस्तकाविषयी चार शब्द लिहावेत, असा माझा परिपाठ. यंदा मी लिहिणार आहे एका चित्रपटाविषयी, आणि तोही सुपरहीरोच्या चित्रपटाविषयी! मराठीच्या प्राध्यापकाला उतारवयाच्या उंबरठ्यावर ही काय अवदसा आठवली, असे माझ्या जुन्या वाचकांना वाटेल. त्यांना माझी एवढीच विनंती, की निदान मधल्या पानापर्यंत तरी माझ्यासोबत यावे. पुढे कंटाळा आला तर फराळाचे ताट आहेच.

खरे सांगायचे तर सुपरहीरो या जातीशी माझे कधीच जमले नाही. १९३८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी निर्मिलेला सुपरमॅन चित्रकथेच्या मासिकात अवतरला. पुढल्याच वर्षी बॅटमॅन आला, १९६२ साली स्पायडरमॅन. कागदावरची ही मंडळी पुढे पडद्यावर आली, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तर त्यांनी पडदा सगळाच व्यापून टाकला. आमच्या चिरंजीवांबरोबर यांतले पाचसहा चित्रपट मी पाहिले आहेत. प्रत्येकात शेवटी एक मोठे शहर कोसळते. गगनचुंबी इमारती पत्त्यांच्या बंगल्यासारख्या ढासळतात, मोटारी आकाशात उडतात, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेला मी हळूच घड्याळ पाहतो. ज्याला काही होऊच शकत नाही, त्याची काळजी कशी करायची? आणि ज्याची काळजी वाटत नाही, त्याची गोष्ट का ऐकायची? माझी तक्रार एवढीच.

नवरात्रातल्या एका रविवारी दुपारी ही तक्रार मी पुन्हा एकदा सविस्तर मांडली, तेव्हा चिरंजीव म्हणाले, "बाबा, एक सिनेमा दाखवतो. त्यात एकही इमारत पडत नाही. आवडला नाही तर पुन्हा कधी आग्रह करणार नाही."

चिरंजीव आता अकरावीत आहेत. या वयाचा मुलगा बापाला शेजारी बसवून काही दाखवू इच्छितो, ही गोष्ट वर्षातून एकदोनदाच घडते. मी निमूटपणे बसलो. सौभाग्यवतीही भाजणीच्या डाळी निवडायचे ताट मांडीवर घेऊन आल्या. "मला काय, एक डोळा डाळीवर आणि एक पडद्यावर," असे म्हणाल्या खऱ्या, पण पंधरा मिनिटांनी दोन्ही डोळे पडद्यावर होते.

चित्रपटाचे नाव 'अनब्रेकेबल', म्हणजे न मोडणारा. साल २०००. लेखक आणि दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन. हा गृहस्थ जन्मला पुदुच्चेरीच्या अखत्यारीतल्या माहे गावात, वाढला मात्र अमेरिकेत, फिलाडेल्फिया शहराजवळ. त्याचे बहुतेक चित्रपट याच शहरात आणि त्याच्या आसपास घडतात. १९९९ साली 'द सिक्स्थ सेन्स' या भुताच्या गोष्टीने त्याचे नाव जगभर झाले, आणि लगेच पुढल्या वर्षी त्याने हा चित्रपट काढला. त्या काळी सुपरहीरोंचे एवढे राज्य नव्हते. चित्रकथांचा उल्लेख जाहिरातीत झाला तर प्रेक्षक येणार नाहीत, अशी चित्रपट काढणाऱ्या कंपनीला भीती वाटली, आणि तो एक गूढ रहस्यपट म्हणून विकला गेला, असे श्यामलननेच पुढे सांगितले आहे. म्हणजे सुपरहीरोचा चित्रपट आपले सुपरहीरोपण लपवून लोकांसमोर आला! गंमत अशी, की चित्रपटातल्या नायकाचेही नेमके तेच चालले आहे. हा चित्रपट येऊन पंचवीस वर्षे झाली, तेव्हा शेवट सांगितला म्हणून वाचक रागावणार नाहीत, असे समजून पुढे जातो.

सुरुवात आगगाडीत होते. डेव्हिड डन नावाचा चाळिशीकडे झुकलेला माणूस खिडकीशी बसला आहे. ब्रूस विलिस हा नट एरवी पडद्यावर बंदुका चालवण्याबद्दल प्रसिद्ध. इथे तो इतका थकलेला दिसतो, की त्याला चहा विचारावासा वाटतो. शेजारी एक तरुणी येऊन बसते, आणि हा माणूस हळूच बोटातली लग्नाची अंगठी काढून लपवतो. दोनचार वाक्ये बोलतो, ती उठून दुसरीकडे निघून जाते, आणि तो ओशाळून अंगठी पुन्हा घालतो. हा सगळा प्रसंग कॅमेरा पुढच्या दोन आसनांच्या फटीतून पाहतो. पुढे बसलेले एखादे चौकस पोर मागे वळून पाहत असावे, तसा. सुपरहीरोची इतकी केविलवाणी ओळख मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

मग गाडीला अपघात होतो. अपघात आपल्याला दाखवत नाहीत. दिसते ते थेट रुग्णालय. डॉक्टर डेव्हिडला सांगतात, की गाडीतून जिवंत निघालेले दोघेच, तुम्ही आणि पलीकडचा तो रुग्ण. बोलणे चालू असताना पलीकडच्याच्या अंगावरच्या पांढऱ्या कापडावर रक्त पसरत जाते. डेव्हिडच्या अंगावर एक ओरखडासुद्धा नाही. तो बाहेर येतो. मेलेल्यांचे नातेवाईक तिथे जमलेले. त्यांच्यामधून त्याला चालत जावे लागते. बायको आणि मुलगा समोर येतात. मुलगा आईबापांचे हात एकमेकांच्या हातांत देतो, आणि थोडे पुढे जाताच ते हात सुटतात. इथे आमच्या घरात डाळ निवडणे थांबले.

डेव्हिडचा धंदा काय, तर एका क्रीडांगणावरचा सुरक्षारक्षक. पाठीवर 'सुरक्षा' असे लिहिलेला हिरवा पावसाळी अंगरखा घालून दरवाज्याशी उभे राहायचे, गर्दीतून येणाऱ्यांवर नजर ठेवायची. मृतांच्या प्रार्थनासभेहून परत येतो तो मोटारीच्या काचेवर एक चिठ्ठी. तिच्यात एकच प्रश्न : आयुष्यात तुम्ही किती दिवस आजारी होता? गंमत पाहा, माणसाला हे आठवत नाही. तो कचेरीत जाऊन साहेबाला विचारतो, की मी आजारपणाच्या किती रजा घेतल्या? साहेब समजतात, गडी पगारवाढ मागण्यासाठी प्रस्तावना करतो आहे, आणि ती देऊन टाकतात! एकही रजा निघत नाही. तो बायकोला विचारतो. तिलाही हा आजारी पडलेला आठवत नाही. एकाच छपराखाली इतकी वर्षे राहून दोघांपैकी एकाच्याही हे ध्यानात आलेले नाही. मला वाटते, संसारात असे पुष्कळदा होते. डाव्या बाजूच्या भिंतीला ओल आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण उजव्या भिंतीला कधीच ओल आली नाही, हे कोणी लक्षात घेत नाही.

चिठ्ठी लिहिणारा निघतो एलायजा प्राइस. ही भूमिका सॅम्युएल एल. जॅक्सन या नटाची. चित्रकथांच्या मूळ चित्रांचे त्याचे देखणे दालन आहे. त्याच्या हाडांत जन्मजात ठिसूळपणा. १९६१ साली एका मोठ्या दुकानातच त्याची आई बाळंत झाली, आणि जन्मतानाच बाळाचे हातपाय मोडले. आजवर चोपन्न वेळा हाड मोडले, असे तो सांगतो. शाळेतली पोरे त्याला 'काचेचा माणूस' म्हणून चिडवत. त्याचे तर्कशास्त्र सरळ आहे. ज्याअर्थी जगाच्या एका टोकाला माझ्यासारखा सदा मोडणारा माणूस आहे, त्याअर्थी दुसऱ्या टोकाला न मोडणारा असलाच पाहिजे. आणि तो तू आहेस.

चित्रपट मोठा होतो तो या ठिकाणी. दुसरा कोणी असता तर हे कळताच नायकाने मुखवटा चढवून छपरावरून उडी मारली असती. डेव्हिड मात्र वैतागतो. त्याला हे खरे नको आहे. तो एलायजाला टाळतो, खोटे पाडू पाहतो. बोलता बोलता एक गोष्ट मात्र बाहेर येते. सकाळी डोळा उघडला की त्याला एक उदासपणा वाटतो. कारण काही नाही. घर आहे, नोकरी आहे, मुलगा गुणी आहे. तरी सकाळी उठताना छातीवर कोणी हात ठेवल्यासारखे. एलायजा म्हणतो ते थोडक्यात असे, की जे करायला तू जन्मलास ते तू करत नाहीस, म्हणून हे होते.

आमच्या शास्त्रात प्रत्येक रसाचा स्थायी भाव ठरलेला आहे. वीराचा उत्साह, अद्भुताचा विस्मय, करुणाचा शोक. पदवीच्या वर्गात हे मी दरवर्षी शिकवतो. सुपरहीरोचे बाकीचे चित्रपट अद्भुत आणि वीर या दोन चाकांवर धावतात. श्यामलनने गोष्ट घेतली अद्भुताची, आणि तिच्या मुळाशी ठेवला एक बारीक, रोजचा शोक. त्यामुळे प्रेक्षक विस्मयाने तोंड उघडत नाही, तो स्वतःशीच काहीतरी आठवू लागतो. सकाळचा तो छातीवरचा हात कोणाला ठाऊक नाही? सव्वासातच्या तासाला निघताना पायांत चप्पल सरकवणाऱ्या कित्येकांना तो ठाऊक आहे. आपण काही सुपरहीरो नसतो, एवढाच फरक. आपल्याला आपले काम सापडले आहे की नाही, हा प्रश्न मात्र आपलाही असतो.

डेव्हिडच्या उदासपणाला आणखी एक मूळ आहे. महाविद्यालयात तो फुटबॉलचा नामांकित खेळाडू होता, अमेरिकेतला तो धसमुसळा, हाडे मोडणारा खेळ. त्याची प्रेयसी ऑड्री हिला त्या खेळाची चीड. मग एके दिवशी दोघांच्या मोटारीला अपघात झाला, त्याला दुखापत झाली, खेळ सुटला आणि लग्न झाले. ऑड्री त्या अपघाताला आपले भाग्य समजते. खरी गोष्ट अशी, की डेव्हिडला काहीही झाले नव्हते. जळत्या मोटारीचा दरवाजा उपटून त्यानेच तिला बाहेर काढले होते. दुखापतीचे नाटक करून त्याने खेळ सोडला, तिच्यासाठी सोडला, आणि तिला सांगितले नाही.

इथे सौभाग्यवतींनी पहिले मतप्रदर्शन केले. "तिनं कुठं मागितलं होतं? आणि सोडायचंच होतं, तर सांगून सोडायचं. आता एवढी वर्षं मनात हिशेब मांडून बसलाय."

मी काही बोललो नाही. पण चित्रपटाच्या टीकाकारांनी पानेच्या पाने लिहून जे सांगितले असते, ते डाळीतला खडा काढावा इतक्या सहजपणे तिने बाजूला काढून ठेवले, हे मला कबूल केले पाहिजे. न सांगता केलेला त्याग हे न सांगता दिलेले कर्ज असते. ज्याच्या नावावर ते चढते त्याला पत्ता नसतो, आणि व्याज मात्र दोघेही भरत राहतात. त्या घरात नवराबायको वेगवेगळ्या खोल्यांत निजतात. भांडण नाही, मारहाण नाही, दुसरी बाई नाही. फक्त मधला शब्द गोठलेला.

आता मुलाकडे येतो. जोसेफ नावाचा हा दहाबारा वर्षांचा मुलगा चित्रपटाचा खरा कणा आहे. एलायजाच्या बोलण्यावर बाप विश्वास ठेवत नाही, मुलगा ताबडतोब ठेवतो. तळघरात बाप व्यायामाची वजने उचलतो आहे. मुलगा कमी करायला सांगितले असताना चोरून वाढवतो. बाप उचलतो. रागावतो, की मी मेलो असतो, आणि मग स्वतःच म्हणतो, आणखी चढव. वजने संपतात, तेव्हा रंगाचे भरलेले डबे दांडीला अडकवतात. ३५० पौंड, म्हणजे जवळजवळ १५९ किलो. या प्रसंगात ना गर्जना आहे ना विजेचा लखलखाट. मंद दिवा, बापाचा श्वास, आणि भिंतीला पाठ लावून उभ्या मुलाचे डोळे. बाप मोठा होत असलेला मुलगा पाहतो आहे.

पण त्या श्रद्धेचा पुढचा मुक्काम भयंकर आहे. बापाच्या अंगातली ताकद आपल्यातही असणार, या समजुतीने पोर शाळेत एका मुलीच्या बाजूने भांडायला जाते आणि मार खाऊन येते. मग एके दिवशी स्वयंपाकघरात तो बापाचे पिस्तूल घेऊन उभा राहतो, नळी बापावर रोखून. तुम्हांला काही होणार नाही, मी दाखवतो, असे त्याचे म्हणणे. आई थिजलेली. बाप समजावतो, दटावतो, काही चालत नाही. शेवटी तो सांगतो, की तू चाप ओढलास तर मी हे घर सोडून न्यूयॉर्कला निघून जाईन. तेव्हा पिस्तूल खाली येते. बाप मरेल या भीतीने ते खाली आले नाही, कारण बाप मरणारच नाही अशी त्याची खात्री आहे. बाप सोडून जाईल, या भीतीने ते आले.

या प्रसंगाच्या वेळी चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले आणि मी चिरंजीवांकडे. आम्हां दोघांना एकच गोष्ट आठवली होती.

तो सहा वर्षांचा असताना मी त्याला शाळेतून आणत असे. एकदा थांब्यावर उभे असताना त्याने विचारले, "बाबा, तुम्ही हातानं बस थांबवू शकता?" समोरून बस येत होती. मी हात केला, बस थांबली. "बघ!" मी म्हणालो. त्याच्या डोळ्यांत तेव्हा जे दिसले, ते मला फार आवडले. कॉलेजात तेव्हा माझे बरे चालले नव्हते, घरीही मी फारसे बोलत नसे, आणि इथे कोणीतरी मला बस थांबवणारा समजत होते. मी खुलासा केला नाही. चारपाच दिवस हा खेळ चालला. सहाव्या दिवशी थांबा मागे टाकून आम्ही चालत होतो, आणि माझे बोट सोडून तो धावत्या बसच्या समोर रस्त्यावर उतरला, मागे वळून माझ्याकडे पाहत, हसत. चालकाने करकचून गतिरोधक दाबला. बस आणि पोर यांच्यात हातभर अंतर राहिले. मी त्याला ओढले आणि एक थोबाडीत दिली. तो रडला नाही. एवढेच म्हणाला, "तुम्ही हात केलाच नाहीत." घरी येताना मी त्याला सांगितले, "आईला सांगू नकोस." आणि ओठांवर बोट ठेवले.

ही गोष्ट आम्ही दोघांनी दहा वर्षे सांभाळली होती. असो. चित्रपट पुढे चालला होता.

डेव्हिड अखेर मानतो. आगगाडीच्या गजबजलेल्या स्थानकात तो हात थोडे पसरून उभा राहतो. माणसे त्याला घासून जातात, आणि ज्याने जे पाप केले ते त्याला दिसते. दिव्यदृष्टी ही देणगी म्हणून आपण पुराणांत वाचतो. इथे ती शिक्षेसारखी आहे. कोणी चोरी केली, कोणी बाईवर अत्याचार केला. एकामागून एक दिसते, आणि हा नुसता उभा. सगळ्यांच्या मागे तर जाता येत नाही. शेवटी नारिंगी कपड्यांतला एक सफाईकामगार घासून जातो. त्याने एका घरात शिरून घरधन्याला मारले आहे, बायकामुलांना कोंडले आहे. डेव्हिड त्याच्या मागे जातो. अंगात तोच हिरवा पावसाळी अंगरखा. सुपरहीरोचा झगा म्हणायचा तर हाच, सरकारी छत्रीइतका रूक्ष. घरात तो पोहण्याच्या तलावावरच्या आच्छादनावर पडतो आणि बुडू लागतो. पाणी हे त्याचे मर्म. लहानपणी तो असाच बुडता बुडता वाचला होता. आणि या न मोडणाऱ्या माणसाला बाहेर काढतात कोण? ज्यांना सोडवायला तो आला, तीच दोन भेदरलेली मुले, एक काठी पुढे करून. या चित्रपटातले मला सर्वांत आवडलेले चित्र हेच. त्यानंतरची झटापट लांबलचक, ओबडधोबड आणि जवळजवळ निःशब्द आहे. तिच्यात शौर्याचे संगीत शोधू नये.

त्या रात्री तो घरी येतो, निजलेल्या बायकोला उचलून आपल्या खोलीत नेतो. सकाळी ती न्याहारी करते आहे, तिची पाठ वळलेली. बाप मुलापुढे वर्तमानपत्र सरकवतो. त्यात टोपीचा अंगरखा घातलेल्या अनामिक माणसाचे रेखाचित्र. मुलगा वाचतो, बापाकडे पाहतो, आणि त्याचे डोळे भरून येतात. माझेही आले, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. एलायजा भेटतो, हात पुढे करतो. डेव्हिड तो हातात घेतो, आणि त्याला दिसते, की ती आगगाडी एलायजानेच उलथवली. त्याआधी एक विमान, एक हॉटेल. न मोडणारा माणूस सापडावा म्हणून हा शेकडो माणसे मोडून पाहत होता. त्यात तो आनंदात आहे. आपण कोण ते आता त्याला कळले आहे. जगात आपले काही प्रयोजनच नाही, याहून भयंकर त्याला काही वाटत नव्हते. आता नायक सापडला, म्हणजे आपण खलनायक ठरलो, आपल्यालाही जागा मिळाली!

मला इथे समुद्रकिनारा आठवला. सीतेचा शोध करत वानर दक्षिण समुद्राशी पोचतात, आणि उडी कोणी मारायची याचा खल चालतो. मारुती एका बाजूला गप्प बसलेला असतो. ऋषींच्या शापामुळे त्याला आपल्या बळाचा विसर पडलेला, कोणी आठवण करून दिल्याशिवाय ते त्याला उमगणार नाही. मग म्हातारा जांबवंत उठतो आणि त्याला सांगतो, की बाबा रे, तू कोण आहेस ते आठव. आपल्यापैकी पुष्कळांना आयुष्यात एक जांबवंत हवा असतो. कोणाला तो शिक्षकात भेटतो, कोणाला मित्रात, कोणाला बायकोत. एलायजा हा डेव्हिडचा जांबवंत आहे, आणि त्याने सांगितले ते खरेच आहे. सकाळचा उदासपणा खरोखरच गेला. पण जांबवंताने मारुती शोधण्यासाठी गावे पेटवली नव्हती. स्वतःच्या जगण्याला अर्थ हवा ही भूक डेव्हिडलाही आहे आणि एलायजालाही. एकाला तिने दोन मुलांच्या दाराशी नेले, दुसऱ्याच्या हातून आगगाडी उलथवली. भूक तीच, आणि तिला नुसते 'ध्येय' असे गोंडस नाव दिले म्हणजे ती पवित्र होत नाही. तरुण मुलांना आम्ही व्यासपीठावरून ध्येये वाटत असतो, तेव्हा हे ध्यानात ठेवलेले बरे.

आणि तरी या एलायजाचा राग येत नाही, याचे कारण त्याची आई. घराबाहेर पडलो की हाड मोडते, म्हणून हे पोर बंद दूरचित्रवाणीसमोर बसून राहत असे. आईने समोरच्या बागेतल्या बाकावर जांभळ्या कागदात गुंडाळलेली एक भेट नेऊन ठेवली. हवी तर बाहेर जाऊन घे. आत चित्रकथेचे पुस्तक. अशी पुष्कळ आणून ठेवली आहेत, दर वेळी बाहेर पडलास की एक मिळेल, असे तिने सांगितले. भ्यालेल्या मुलाला दाराबाहेर काढण्याची याहून सुंदर युक्ती मी ऐकली नाही. त्या माउलीला काय ठाऊक, की पोर रस्ता ओलांडेल आणि पुस्तकातून मात्र कधीच बाहेर येणार नाही!

श्यामलनने या गोष्टीचे पुढले भाग 'स्प्लिट' (२०१६) आणि 'ग्लास' (२०१९) असे काढले. ते मी नंतर पाहिले. त्यांत पुष्कळ घडते, म्हणूनच की काय, पहिल्याइतके मनात राहत नाही. सुपरहीरोची जन्मकथा, शत्रूशी झगडा आणि अंतिम युद्ध अशी तीन अंकांची गोष्ट त्याच्या मनात होती म्हणतात, आणि 'अनब्रेकेबल'साठी त्याने पहिलाच अंक निवडला. त्या निवडीतच त्याचे शहाणपण होते. युद्ध कोणालाही दाखवता येते. एका माणसाला स्वतःची ओळख पटायला दीड-पावणेदोन तास लागतात, हे दाखवायला धीर लागतो.

पडदा विझला. सौभाग्यवतींनी ताट उचलले आणि दुसरे मतप्रदर्शन केले. "सगळं छान. पण सकाळी पेपर दाखवला तो मुलाला. ती बिचारी तिकडं पाठ करून न्याहारीच करतेय. पुन्हा तिच्यापासून लपवलंच की!"

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मला तो प्रसंग बापलेकांच्या मिलनाचा वाटला होता. तो तसा आहेही. पण ज्या न सांगण्याने घर गोठले होते, तेच न सांगणे आता दोघांचे झाले, एवढाच फरक. चिरंजीव खाली मान घालून दूरनियंत्रकाची बटणे चाचपत होते. दहा वर्षांपूर्वी मी त्याच्या ओठांवर ठेवलेले बोट अजून तिथेच होते.

"अगं, जरा बस," मी म्हणालो. "एक सांगायचंय. बसच्या थांब्यावरचं."

मी सांगितले. जिथे माझी आठवण सोयीस्कर झाली होती, तिथे चिरंजीवांनी दुरुस्ती केली. थोबाडीत एक नव्हती, दोन होत्या. ती ऐकत होती. संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग मुलाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, सोळा वर्षांचा असला तरी त्याने तो फिरवू दिला. मला म्हणाली, "म्हणून तेव्हा एकदम त्याला आणायचं बंद केलंत. कॉलेजात काम वाढलंय म्हणालात. मला वाटलं, तुम्हांला त्याचा कंटाळा आला."

दहा वर्षे ती हे समजून होती.

त्या रात्री ती माझ्याशी फारसे बोलली नाही, आणि ते योग्यच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी उठलो तेव्हा स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. टेबलावर चहाचे दोन कप होते. एरवी एकच असतो. मी समोर बसलो. ती म्हणाली, "आता सांगा, तेव्हा कॉलेजात नक्की काय झालं होतं?"

त्या दिवशी सव्वासातच्या तासाला मला दहा मिनिटे उशीर झाला.